पूरा पाहजा

"पूरा पाहजा, बाई. अर्धं पाहून सांगू नोका."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते बोलणारी बाई तपासणीच्या टेबलावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली होती. हाताला सलाईन, अंगावर हिरवी चादर. अशा वेळी माणसं देवाचं नाव घेतात, नाहीतर नर्सचा हात घट्ट धरून डोळे मिटतात. या बाई डोळे उघडे ठेवून आम्हाला सूचना देत होत्या.

मी गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात दुर्बिणीच्या खोलीत नर्स आहे. टोकाला कॅमेरा असलेली लांब, लवचीक नळी म्हणजे ही दुर्बीण. तोंडावाटे घातली तर जठर दिसतं, खालून घातली तर मोठं आतडं. डॉक्टर नळी पुढे सरकवतात. मी पेशंटचं पोट दाबून धरते, कुशी बदलायला लावते, काढलेले तुकडे बाटलीत घालते आणि शेवटी रिपोर्ट टाईप करते. वीस वर्षं हेच काम करते आहे. तुमच्यापैकी कोणी अशा खोलीबाहेरच्या बाकावर बसला असाल तर आठवून पाहा, तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. सगळे जमिनीकडे पाहत असतात. या बाई, आमच्या मावशी, आल्या की मात्र त्या बाकावर बाजार भरायचा.

मावशी म्हणजे काही माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, चार-पाच वर्षांचा फरक असेल. पण दवाखान्यात नऊवारी नेसलेली प्रत्येक बाई मावशीच असते. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली, कालव्याच्या पाण्यावर, त्यांनी ठेक्याने चार बांध्या केल्या होत्या. धानाच्या खाचराला आमच्याकडे बांधी म्हणतात. शिवाय रोवण्याच्या, म्हणजे धानाची रोपं लावण्याच्या, दिवसांत पंधरा-वीस बायांची टोळी त्यांच्या हाताखाली असायची. चिखलात वाकलेल्या बायांना या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्यावर ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. तो त्यांना दवाखान्यातही कमी करता येत नसे.

वर्षभर रक्त पडत होतं. मूळव्याध समजून त्यांनी गावातली पाळंमुळं घेतली, तिरोड्याला जाऊन मलम आणलं. मग उन्हाळ्यात बांधीतच चक्कर येऊन पडल्या, तेव्हा नवऱ्याने गोंदियाला आणलं. नवरा शांत माणूस. टोपी मांडीवर ठेवून बसायचा आणि बायको जे बोलेल त्यावर मान हलवायचा.

पडद्यावर आतडं दिसू लागलं तसं मावशींनी मान वळवून पाहिलं.

"हे माझं आतून?"

"हो मावशी."

"वरून काळी अन आतून इतकी गुलाबी? पायलं का हो," त्या बंद दाराच्या दिशेने नवऱ्याला म्हणाल्या.

डॉक्टरही हसले. पुढच्याच वळणावर त्यांचं हसणं थांबलं. डाव्या बाजूला गाठ होती. तिने सगळी वाट अडवली होती. पलीकडे नळी जाईना. डॉक्टरांनी दोनदा, तीनदा प्रयत्न केला, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "इसके आगे नहीं जाएगा." तुकडे घेतले आणि नळी बाहेर काढली.

त्यांनी मावशींना नवऱ्यासमोर सगळं सरळ सांगितलं. गाठ आहे, ती चांगली दिसत नाही, ऑपरेशन करावं लागेल.

"एकच आहे का?" मावशींनी विचारलं.

"जेवढं दिसलं त्यात एकच. पुढे जायला रस्ताच नव्हता."

"मंग पुढचं कोन पाहीन?"

हा प्रश्न मी त्याआधी कोणाच्या तोंडून ऐकलेला नव्हता. गाठ आहे म्हटल्यावर माणूस किती दिवस, खर्च किती, मी वाचेन का, एवढंच विचारतो. डॉक्टरांनी त्यांना समजावलं की ऑपरेशन होऊन तीन महिने झाले की पुन्हा नळी घालायची, तेव्हा राहिलेला भाग पाहू. डिस्चार्जच्या कागदावर तसं लिहूनही दिलं.

तशी ओळ आम्ही कितीतरी कागदांवर लिहिली आहे. आणि खरं सांगायचं तर बरेच लोक परत येत नाहीत. त्यांची चूक म्हणता येत नाही. गाठ गेलेली असते, भूक लागत असते, अंगात रक्त भरत असतं. बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा त्या टेबलावर कशाला झोपावंसं वाटेल?

मावशी तीन महिन्यांनी आल्या. ऐन रोवण्याचे दिवस होते. पायांच्या नखांत चिखल, मागे पिशवीत औषधाची रिकामी बाटली सांभाळत नवरा. पोट साफ करायचं औषध पाण्यात कालवून दोन लिटर प्यायचं असतं, ते त्यांनी आदल्या दिवशी धुऱ्यावर बसून बायांसमोर प्यायलं होतं.

"गाव हासून राहिलं मले," त्या म्हणाल्या. "चांगली झाली तं पुन्हा कायले चालली म्हणतेत. मी म्हटलं, अर्धंच पायलं त्यायनं. अर्ध्या बांधीत रोवणा करून कोनी घरी जाते का?"

त्या दिवशी वाट मोकळी होती. नळी सरळ आत गेली, वळणं घेत उजव्या टोकाला पोचली. तिथे, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या कोपऱ्यात, सुपारीएवढी दुसरी गाठ बसलेली होती.

मावशी पडद्याकडेच पाहत होत्या. त्यांना सांगावं लागलं नाही.

"थे काय आहे? तसंच आहे न?"

"तसंच दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

"ही नवीन निंगाली का तेव्हाचीच?"

"तेव्हाचीच असणार. दोन्ही सोबतच वाढत होत्या. आपल्याला ही दिसली नव्हती."

मावशींनी पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "जुळ्या होत्या म्हणा." आणि थोड्या वेळाने, आमची समजूत काढल्यासारखं, "तुमाले नाई दिसली थे ठीक आहे. रस्ता नव्हता न."

बाहेर नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने टोपी डोळ्यांवर धरली. मावशींनी त्याच्या हातातून पिशवी घेतली, म्हणाल्या, "तुमी नोका रडू आता. मले भूक लागली आहे." मग रस्त्यापलीकडच्या हॉटेलात दोघांना पोहे खाताना मी खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम बोलावलं. पंचेचाळिशीच्या आत दोन गाठी, त्याही एकाच वेळी. त्यांनी कोरा कागद घेतला आणि विचारायला लागले. वडील कशाने गेले? आजोबा? आत्या? मावशी सांगत गेल्या आणि डॉक्टर पुरुषांसाठी चौकोन, बायांसाठी गोल काढत गेले. बाप पन्नाशीत पोट फुगून गेला. आत्या अंगावरून जाऊन जाऊन गेली, तिच्या गर्भपिशवीत काही होतं म्हणे. डॉक्टरांनी ते दोन आकार पेनाने भरले, मग मावशींचाही भरला.

"काही घराण्यांत हे रक्तातून येतं," ते म्हणाले. "अशा माणसाला एक गाठ काढली तरी दुसरी होऊ शकते. आतड्यात, बायांना गर्भाशयात. म्हणून तुम्हाला दरवर्षी यावं लागेल. गर्भाशयाचीही तपासणी दरवर्षी. आणि तुमच्या सख्ख्या भावंडांनीही एकदा आतून पाहून घ्यायला हवं."

मावशींनी कागदावरच्या मोकळ्या चौकोनावर आणि मोकळ्या गोलावर बोट ठेवलं. "हा माहा दादा. ही माही बारकी बहीण. हे कोरे आहेत अजून."

"कोरेच राहावेत म्हणून तर पाहायचं."

तो कागद त्या घडी करून घेऊन गेल्या.

बारकीला त्यांनी महिनाभरात आणलं. बारकी लाजरी. टेबल पाहताच ती दाराकडे वळली. मावशींनी तिला बाहेर नेलं, काय सांगितलं कोण जाणे, पण परत आली ती हसतच आली. तिच्या आतड्यात मुगाच्या दाण्याएवढे दोन कोंब मिळाले. पुढे कधीतरी त्यांची गाठ झाली असती. डॉक्टरांनी ते त्याच बैठकीत काढून टाकले. तिला त्याच दिवशी घरी सोडलं.

"बस? झालं?" बारकी विचारत होती.

"झालं. अन पुढच्या वर्षी पुन्हा," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर मावशींचं आमच्याकडे येणं वाढलं. स्वतःची तारीख नसली तरी गावातल्या कोणा ना कोणाला घेऊन यायच्या. बाकावर बसायच्या आणि शेजारच्या माणसाला थेट विचारायच्या, "कायचं दुखणं आहे? रक्त पडते? काळं का लाल?" लोक आधी दचकायचे. एकदा इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गुरुजी त्यांच्या शेजारी बसले होते. मावशींच्या प्रश्नावर कानांपर्यंत लाल झाले, उठून दुसऱ्या टोकाला गेले. मावशी त्यांच्यामागे सरकल्या. "गुरुजी, हागाची गोष्ट डॉक्टरले नाई सांगान तं कोनाले सांगान? पोराईले?" गुरुजींनी शेवटी त्यांनाच सगळं सांगितलं. नंतर त्यांनी डॉक्टरांना जे सांगितलं ते आधी मावशींसमोर तालीम करून आलेलं होतं, हे मला लगेच कळलं.

राहता राहिला दादा.

दादा कामठ्याला. शेती, घर, गावात मान. तो येईना. दर खेपेला मावशी मला त्याची खबर देत.

"औंदाबी नाई म्हणते. म्हणते मले काई झालं नाई, दोन टाइम साफ होते, काऊन भिववून राहिली? मी म्हटलं, बाप्पा, मलेबी काई झालं नव्हतं."

असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी भाऊबीजेला मावशी कामठ्याला गेल्या. हे मला नंतर बारकीने सांगितलं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटक असतं, पाहुण्यांनी घर भरलेलं असतं. अशा भरल्या घरात मावशींनी दादाला पाटावर बसवून ओवाळलं. दादाने नवं लुगडं पुढे केलं. मावशींनी ते हातात घेतलं नाही.

"लुगडं ठेव तुह्यापाशी. मले गोंदियाची तारीख दे."

दादाची बायको दारातून म्हणाली, "जाऊन या न एकदाचे."

"धान कापाचं आहे," दादा म्हणाला.

"धान मी कापन. माह्या बाया घेऊन येईन. तू जा."

आणि खरंच त्या अकरा बायांना घेऊन कामठ्याला गेल्या. दादाच्या बांधीत दोन दिवस धान कापलं. दादा दुसऱ्या दिवशी बायकोसोबत आमच्याकडे आला. उंच, जाड मिशांचा माणूस, टेबलावर चढताना लहान झाल्यासारखा वाटत होता.

नळी थोडी आत गेली आणि डावीकडे गाठ दिसली. मावशींची होती तिथेच, पण छोटी, वाट न अडवणारी. डॉक्टरांनी तुकडे घेतले आणि पुढे गेले. पुढे मात्र सगळं घाणीने भरलेलं होतं. पाणी मारून मारून आम्ही थकलो. उजवा भाग नीट दिसेना. बाहेर अजून सहा पेशंट होते. डॉक्टर म्हणाले, "ठीक है, गाठ मिल गई ना." मी रिपोर्ट टाईप केला. वर मोठ्या अक्षरांत गाठ, कुठे, केवढी. खाली एक बारीक ओळ, आतडं साफ नसल्याने उजवी बाजू स्पष्ट दिसली नाही.

दुपारी मावशी कापणीवरून थेट आल्या. पदराला धानाची कुसं चिकटलेली, पिशवीत विळा. दादा बाकावर दगडासारखा बसला होता. त्याला गाठीचं सांगून झालं होतं. मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग त्याच्या हातातला रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या.

"वाचून दाखव."

रिपोर्ट इंग्रजीत असतो. मी गाठीचं सांगितलं. थांबले.

"अन हे खाली बारीक काय लिवलं आहे?"

आज मी कबूल करते की त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं नसतं तर मी ती वाचली नसती. काही लपवायचं होतं असं नाही. एका दिवसाला एक वाईट बातमी पुरे, असं वाटत होतं. आणि दुसरंही एक कारण होतं, जे आमच्या कामातल्या कोणालाही पटेल. एक गाठ सापडली की डोळा समाधान पावतो. शोधायचं होतं ते सापडलं, असं वाटतं.

मी ओळ वाचली, अर्थ सांगितला.

"म्हणजे पूरा नाई पायला."

त्या सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मी मागे. डॉक्टर म्हणाले, "मावशी, ऑपरेशन तर होणारच आहे. त्याच्या आधी सीटी स्कॅन काढू, त्यात दिसेल."

"माही दुसरी सीटीत दिसली होती का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नव्हती दिसली. त्यांना आठवत होतं, मलाही.

"परवा घेऊन या त्यांना," ते म्हणाले. "सकाळचा पहिला नंबर."

मावशी बाहेर आल्या आणि दादासमोर उभ्या राहिल्या. "औषध किती पेला होता?"

दादा पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, "दोन गिलास."

"अन बाकीचं?"

"पपईच्या बुडात टाकलं."

बाकावरचे सगळे हसले. मावशीही हसल्या. "मंग पपई साफ झाली असन चांगली," म्हणाल्या आणि दादाच्या शेजारी बसल्या. हसता हसता दादाचे डोळे भरले, तेव्हा त्यांनी त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला.

मधल्या दिवशी त्यांनी दादाला आपल्या घरी नेलं. पंधरा-पंधरा मिनिटांनी पेला भरून समोर धरला, "पे" म्हणाल्या आणि तो रिकामा होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. परवा सकाळी दादाचं आतडं आरशासारखं होतं. डावीकडची गाठ मागे टाकून आम्ही पुढे गेलो. उजव्या वळणाच्या पलीकडे, घडीच्या आडोशाला, दुसरी होती.

नेहमी मी बाहेर जाऊन नातेवाइकांना आत बोलावते. त्या दिवशी डॉक्टर स्वतः बाहेर गेले.

"दोन आहेत, मावशी."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, मी सांगत नव्हते? तसा त्यांना हक्क होता. त्या बाकावर बसल्या, तोंडावर पदर घेतला आणि रडल्या. त्यांच्या दोन ऑपरेशनांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"मले वाटे मी खोटी पडन," पदराआडून त्या म्हणाल्या. "भाऊ मंग वर्षभर मले हासला असता. चाललं असतं मले."

दादाच्या दोन्ही गाठी एकाच ऑपरेशनमध्ये निघाल्या. एकच काढली असती तर दुसरी आत राहून वाढत राहिली असती आणि आम्ही सगळे निश्चिंत असतो. दादा आज बरा आहे. त्याच्यानंतर डॉक्टरांनी उजव्या कोपऱ्याचा फोटो निघाल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असं लिहायचं नाही, असा खोलीचा नियम केला. मी एक वही सुरू केली. ज्यांचं आतडं अर्धंच पाहता आलं त्यांची नावं आणि फोन नंबर तिच्यात आहेत. तीन महिने झाले की मी स्वतः फोन करते. काही जण चिडतात. पुष्कळ जण येतात.

दादाचं ऑपरेशन त्या हिवाळ्यातलं. मग नागपूरला त्याच्या केमोच्या सलाईनी सुरू झाल्या. दर खेपेला मावशी त्याच्यासोबत. त्याची बायको घर आणि शेत पाहायची, मावशी त्याचं भांडं उचलायच्या, त्याला उलटी झाली तर पुसायच्या. सहा महिने असे गेले. त्यांच्या स्वतःच्या गर्भाशयाच्या तपासणीची तारीख त्याच महिन्यांत होती. ती राहून गेली. आम्ही त्यांना खोलीबाहेर पाहत होतो, हसत-बोलत होतो, दादाच्या फायली त्यांच्या हातात देत होतो. तुमची तारीख झाली का, असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मीही नाही. माझ्या वहीत त्यांचं नाव नव्हतं, कारण त्यांचं आतडं तर आम्ही पूर्ण पाहिलेलं होतं.

पुढच्या रोवण्यात त्यांना अंगावरून जायला लागलं. तपासणीत गर्भाशयात गाठ निघाली आणि ती तिथे थांबलेली नव्हती. पोटात पसरली होती, यकृतापर्यंत पोचली होती.

डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं.

"तिसरी," त्या म्हणाल्या. "ही मीच नाई पायली."

एवढंच. कोणाला दोष नाही, दादाला तर अजिबात नाही. दादा कोपऱ्यात उभा होता. त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "तू कायले तोंड पाडतं? तुह्या सलाईनीत मी नसती आली तं तू पपईलेच चढवली असती."

त्यांना भेटायला मी गावी गेले तेव्हा धान पोटरीला आलं होतं. ओसरीत खाटेवर त्या पडल्या होत्या. अंगातलं सगळं उतरलेलं, आवाज मात्र तसाच. नवरा पाणी घेऊन आला आणि टोपी मांडीवर ठेवून बसला. दादा आठ दिवसांपासून तिथेच राहत होता. त्यांच्या पायांना तेल लावत होता.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, "तुह्या घरी कोन कोन आहे?" इतक्या वर्षांत आमचं बोलणं कायम त्यांच्या घरच्यांचं व्हायचं. मी सांगितलं, नवरा रायपूरला नोकरीला, मुलगी शिकायला बाहेर, आई भावाकडे.

"अन बाप?"

"बाबा गेले. मी नर्सिंग शिकत होते तेव्हा."

"कायनं?"

मी दादाच्या हातांकडे पाहत राहिले. "आतड्याची गाठ होती."

"किती वर्षांचा होता?"

"बावन्न."

मावशी कोपरावर उठून बसायला लागल्या. दादाने आधार दिला.

"तुहं कवा पायलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"काऊन?"

वीस वर्षं त्या टेबलाच्या या बाजूला उभी राहिलेली बाई त्या बाजूला जायला भिते, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? इतक्या गाठी पाहिल्या की आपल्यात एक असेल असं नेहमीच वाटत असतं, आणि वाटतं म्हणूनच पाहवत नाही. त्यांना ते न सांगताच कळलं असावं.

"बाकीच्यायचे गुदद्वार पाहून राहिली इतके वर्षं," त्या म्हणाल्या. त्यांनी वापरलेला शब्द वेगळा होता, तो मला लिहवत नाही. दादाही खाली मान घालून हसला. "कवाची तारीख घेतं, बोल."

"पुढच्या महिन्यात. एखाद्या बुधवारी. बुधवारी गर्दी कमी असते."

"दुसरा बुधवार. सांगजो तुह्या डॉक्टरले." मग पुन्हा उशीवर टेकत म्हणाल्या, "मी येईन तुह्यासंगं. भायेर बसन."

दादाने तेलाची वाटी उचलली आणि अंगणात गेला.

दुसऱ्या बुधवारच्या आठ दिवस आधी त्या गेल्या. बारकीचा फोन आला तेव्हा मी खोलीत होते, एका पेशंटची कुशी बदलत होते. तो दिवस मी पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी तारीख रद्द करायला म्हणून डॉक्टरांकडे गेले, आणि दाराशी जाऊन परत फिरले.

मंगळवारी औषध प्यायले. हजारो लोकांना मी सांगितलंय की ते लिंबूसरबतासारखं लागतं. तसं अजिबात लागत नाही. पेला नाकाशी नेऊन दोनदा परत खाली ठेवला, पण पपईचं झाड माझ्या फ्लॅटजवळ नाही, आणि असतं तरी तिकडे जायची माझी हिंमत झाली नसती.

माझ्या आतड्यात काही निघालं नाही, हे इथेच सांगून टाकते. उजव्या कोपऱ्यापर्यंत सगळं मी पडद्यावर माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पण ते नंतरचं. आधी, टेबलावर चढण्यापूर्वी, मी बाकावर फॉर्म भरायला बसले. नवी आलेली नर्स प्रश्न विचारत होती आणि लिहीत होती. वय, वजन, आधीचे आजार, घरात कोणाला होतं का. मी सगळ्याची उत्तरं दिली. शेवटची ओळ आली.

"सिस्टर, सोबत कोण आहे?"

"येणार होत्या," मी म्हटलं.

ती पेन धरून नावाची वाट पाहत राहिली.